कोळसा सोडायचा तर अणुऊर्जेकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी?

वाटसरू (धागाकर्ता)

नमस्कार.

मी उच्च माध्यमिक वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो. अणुविखंडनाचा पाठ संपला की मुलांचे प्रश्न ठरलेले असतात: बॉम्ब कसा होतो, किरणोत्सार किती दिवस टिकतो. यंदा मात्र एका विद्यार्थिनीने वेगळेच विचारले. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ रोजी आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, आणि त्याच दिवशी तिथली लिग्नाइट या हलक्या प्रतीच्या कोळशावरची वीजकेंद्रे मात्र चालू होती. हवामानबदलाची काळजी असलेल्या देशाने आधी काय बंद करायला हवे होते? पुढच्या तासाला उत्तर देतो, असे मी तिला सांगितले. त्याला आता तीन आठवडे झाले, आणि जितके वाचावे तितका माझा गोंधळ वाढतच चालला आहे, म्हणून हा धागा काढतो आहे.

ज्यावर वाद दिसत नाही ते आधी मांडतो. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरशासकीय समितीने २०१४ च्या अहवालात प्रत्येक प्रकारच्या विजेचा कर्बभार, म्हणजे तिच्यामागे हवेत जाणारे कार्बन डायऑक्साइडसारखे वायू, दिला आहे. खाणीतून इंधन काढण्यापासून केंद्र मोडीत काढेपर्यंतचा सगळा हिशेब धरून, एका युनिटमागे कोळशाचे उत्सर्जन सुमारे ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायूचे ४९०, मोठ्या सौर प्रकल्पांचे ४८, अणुऊर्जेचे १२ आणि जमिनीवरील पवनचक्क्यांचे ११ ग्रॅम येते. म्हणजे या कसोटीवर अणुऊर्जा पवनऊर्जेच्या पंक्तीत बसते. असे असूनही जगाच्या विजेतील तिचा वाटा १९९६ च्या सुमारास १७ टक्क्यांहून थोडा अधिक होता, तो आज ९ टक्क्यांच्या आसपास आला आहे. दुसरीकडे, डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून अधिक देशांनी २०५० पर्यंत जगाची अणुवीजक्षमता तिप्पट करण्याचा संकल्प जाहीर केला.

माझी अडचण अशी, की एक बाजू म्हणते अणुऊर्जेवाचून कोळसा सुटणारच नाही, आणि दुसरी म्हणते की अणुऊर्जेत पैसा घालणे म्हणजे सूर्य आणि वारा यांच्या तोंडचा घास काढून घेणे. दोन्ही बाजूंचे आकडे खरे वाटतात. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी मला एवढेच समजावून सांगावे, की कोळशाचे केंद्र बंद होते तेव्हा त्याचे नेमके कोणते काम दुसऱ्या कोणाला तरी उचलावे लागते, आणि ते काम अणुभट्टीला जमते का? पक्ष घेऊन कोणी लिहिले तरी हरकत नाही, फक्त कारणे द्यावीत.

तिसरी पाळी

तुमच्या विद्यार्थिनीने योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. मी आयुष्याची पंचवीस वर्षे आधी औष्णिक केंद्रात आणि नंतर भार प्रेषण केंद्रात, म्हणजे ग्रीडवरची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या कक्षात, पाळ्या केल्या. त्या अनुभवाच्या आधारे सांगतो.

भार प्रेषण केंद्रातल्या संध्याकाळचे चित्र डोळ्यांसमोर आणा. समोरच्या पडद्यावर दोन रेघा असतात. मागणीची रेघ दिवे लागण्याच्या वेळेला वर चढू लागते आणि सौरविजेची रेघ त्याच सुमारास उतरू लागते. बाजूला वारंवारतेचा आकडा असतो. तो ५० हर्ट्झच्या आसपास राहिला पाहिजे. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की तो घसरू लागतो, कारण ग्रीडला जोडलेली सगळी टर्बाइने एकाच लयीत फिरत असतात आणि वाढीव भार त्यांच्या वेगातून वसूल होतो. अशा वेळी ज्याला फोन करून ‘आणखी शंभर मेगावॉट द्या’ असे सांगता येईल, असा संच हाताशी असावा लागतो. मी त्या विजेला हुकमी वीज म्हणतो. सूर्य आणि वारा यांची वीज स्वस्त आहे, स्वच्छ आहे, पण ती हुकमी नाही.

आता कोळसा का सुटत नाही, याचे एक कारण बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. थंड पडलेला कोळशाचा मोठा संच पुन्हा तापवून ग्रीडला जोडायला दहा-बारा तास सहज जातात. बॉयलरचे जाड धातूचे भाग एकदम तापवले तर त्यांना तडे जातात, म्हणून तापमान सावकाश वाढवावे लागते. त्यामुळे आज संध्याकाळी ज्याची गरज आहे तो संच दुपारी, भरपूर ऊन असतानाही, आम्ही बंद करत नसू. किमान भारावर धुमसत ठेवत असू. तेवढ्या वेळात जळणारा कोळसा विजेसाठी कमी आणि संध्याकाळच्या हमीसाठी जास्त जळत असतो. कोळशाचे काम कोणी उचलायचे, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर या हमीत आहे.

ही हमी देऊ शकणारे कर्बमुक्त पर्याय मोजकेच आहेत. मोठ्या धरणांची जलविद्युत ते काम उत्तम करते, पण तिला तसा भूगोल लागतो. काही तासांसाठी आता बॅटऱ्या आहेत. भूगर्भातील उष्णता निवडक ठिकाणीच मिळते. यानंतर उरते ती अणुऊर्जा. चांगल्या चालवलेल्या अणुभट्ट्या वर्षातील नव्वद टक्क्यांच्या आसपास वेळ पूर्ण क्षमतेने वीज देतात. अमेरिकेतील भट्ट्यांची सरासरी कित्येक वर्षे तशीच आहे. एक तुलना करून पाहा. २०२३ या एका वर्षात जगात चारशे गिगावॉटहून अधिक सौरक्षमता बसवली गेली, आणि जगातील सगळ्या अणुभट्ट्या मिळून क्षमता चारशे गिगावॉटच्या आतच आहे. पण वर्षभरात मिळणारे युनिट मोजले, तर ती नवी सौरपटले या अणुभट्ट्यांच्या अंदाजे पाचवा हिस्सा वीज देतील. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत; वाद घालणारे त्यातला सोयीचा तेवढा उचलतात.

मात्र अणुभट्टी मागणीप्रमाणे वरखाली करता येत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. फ्रान्समध्ये अनेक भट्ट्या रोज भार कमी-जास्त करतात. भार झपाट्याने उतरवला की इंधनात झेनॉन-१३५ हे वायुरूप द्रव्य साचते, विखंडन चालू ठेवणारे न्यूट्रॉन ते गिळते आणि पुन्हा भार चढवणे काही तास अवघड होते. इंधन ताजे असताना यावर मात करता येते, इंधनचक्राच्या अखेरीस हात आखडतात. खरी अडचण पैशाची आहे. अणुभट्टीचा बहुतेक खर्च बांधकामात होऊन गेलेला असतो, इंधनाचा खर्च त्या मानाने थोडा असतो, म्हणून भार उतरवून फारशी बचत होत नाही.

आता कोळसा खरोखर सोडल्याचे उदाहरण सांगतो, ज्याची चर्चा अणुऊर्जेसाठी गाजलेल्या फ्रान्सच्या मानाने फारच कमी होते. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात २००३ च्या सुमारास सुमारे एक चतुर्थांश वीज कोळशापासून येत होती. एप्रिल २०१४ मध्ये तिथले शेवटचे कोळसाकेंद्र थांबले. त्या दहा-अकरा वर्षांत तिथे एकही नवीन अणुकेंद्र उभे राहिले नाही. ब्रूस आणि पिकरिंग या केंद्रांतल्या, आधी बंद पडून असलेल्या सहा भट्ट्या दुरुस्त करून पुन्हा चालू केल्या गेल्या, आणि कोळशाची जागा मुख्यतः त्यांनी घेतली. जोडीला वायू, पवन आणि वीजबचत होती. न्यूयॉर्कमध्ये उलट घडले. इंडियन पॉइंटच्या दोन भट्ट्या २०२० आणि २०२१ मध्ये बंद झाल्या आणि त्यांची जागा बऱ्याच अंशी वायूवरच्या केंद्रांनी घेतली. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. चालू अणुभट्टी सुरक्षित असेल, तर शेवटचा कोळशाचा संच बंद होईपर्यंत तिला हात लावू नये. विद्यार्थिनीला माझ्याकडून हेच उत्तर द्या.

हिशेबनीस

वरच्या प्रतिसादातील चालू भट्ट्यांबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि जर्मनीने क्रम चुकवला असेच मलाही वाटते. तरी त्या देशावर अन्याय होऊ नये म्हणून एवढे सांगतो, की तिथे कोळशाची वीजही याच काळात लक्षणीय घटली आहे आणि २०२३ मध्ये निम्म्याहून अधिक वीज नवीकरणीय स्रोतांतून आली; पण त्या वर्षीही सुमारे चौथा हिस्सा वीज कोळशाचीच होती, आणि चालू ठेवलेल्या भट्ट्यांनी नेमका त्यातलाच भाग कापला असता.

माझा मतभेद नवीन भट्ट्यांबद्दल आहे. मी मोठ्या प्रकल्पांच्या कर्जाचे मूल्यमापन करतो. अणुप्रकल्पाची चर्चा सिमेंट आणि पोलाद यांच्या खर्चावर होते, पण त्याला बुडवते ते व्याज. कागद घेऊन स्वतः करून पाहा. बांधकामाचा मूळ खर्च १०० धरा आणि तो दरवर्षी समान हप्त्याने होतो असे समजा. व्याजदर ८ टक्के असताना बांधकाम पाच वर्षांत संपले, तर वीज सुरू होण्याच्या दिवशी डोक्यावरचा बोजा सुमारे ११७ होतो. तेच काम दहा वर्षे रेंगाळले तर १४५, आणि पंधरा वर्षे लागली तर १८१. ना एक वीट वाढली, ना एक कामगार. केवळ उशिरामुळे खर्च दुपटीच्या दिशेने गेला. व्याजदर ३ टक्के असेल तर दहा वर्षांचा बोजाही ११५ वर थांबतो. त्यामुळे अणुवीज स्वस्त की महाग, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पैसा कोणाचा आहे आणि काम किती वेळात संपते, यावर ते ठरते.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. फिनलंडमधील ओल्किलुओटो केंद्राची तिसरी भट्टी २००५ मध्ये बांधायला घेतली, ती २००९ मध्ये सुरू व्हायची होती. नियमित वीज एप्रिल २०२३ मध्ये मिळू लागली. फ्रान्समधील फ्लामानव्हिलची भट्टी २००७ मध्ये हाती घेतली, डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीडला जोडली गेली, आणि ३.३ अब्ज युरोंचा मूळ अंदाज १३ अब्जांच्या पुढे गेला. अमेरिकेत व्होग्टल येथील दोन नव्या भट्ट्यांवर तीस अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला. १९७४ नंतर ज्या फ्रान्सने एकाच धर्तीच्या भट्ट्या ओळीने उभ्या करून दीड दशकात आपली वीजव्यवस्था पालटली, त्याच फ्रान्सला एक भट्टी बांधायला सतरा वर्षे लागली. मधल्या काळात बांधकामच थांबले, तेव्हा ते कसब असलेले जोडारी, तपासनीस आणि देखरेख करणारे अभियंते निवृत्त झाले. सवय मोडलेल्या हातांना ते पुन्हा शिकावे लागले. संयुक्त अरब अमिरातीतील बराका येथे मात्र कोरियन कंपन्यांनी एकाच आराखड्याच्या चार भट्ट्या लागोपाठ, प्रत्येकी साधारण आठ वर्षांत उभ्या केल्या. २०१२ मध्ये सुरू झालेले काम २०२४ मध्ये संपले आणि आज देशाची सुमारे चौथाई वीज तिथून येते. म्हणजे हे अशक्य नाही. पण त्यासाठी राज्यसंस्थेचा पैसा, आधी बांधून सिद्ध झालेला आराखडा आणि सलग काम, या तिन्ही गोष्टी लागल्या.

आणि वातावरणाच्या दृष्टीने वेळेचे मोल पैशापेक्षा मोठे आहे. एक हजार मेगावॉटचे कोळसाकेंद्र वर्षाला साठ लाख टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते. नव्या भट्टीची वाट पाहत ते दहा वर्षे चालले, तर सहा कोटी टन हवेत जातात, आणि कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके टिकतो. सौर प्रकल्प एक-दोन वर्षांत उभा राहतो, आणि त्याच्या विजेचा खर्च २०१० नंतरच्या बारा-तेरा वर्षांत नव्वद टक्क्यांच्या आसपास घटला आहे. ऑस्ट्रेलियातील साउथ ऑस्ट्रेलिया राज्याने २०१६ मध्ये शेवटचे कोळसाकेंद्र बंद केले. तिथे एकही अणुभट्टी नाही आणि आता सुमारे सत्तर टक्के वीज वारा आणि सूर्य देतात. उरलेल्या वेळेला वायू, बॅटऱ्या आणि शेजारच्या राज्याच्या तारा उपयोगी पडतात, हे मी लपवत नाही.

वाटसरू

दोघांचेही मनापासून आभार. व्याजाचा हिशेब मी आजच फळ्यावर करून पाहिला आणि मुलांनी तो उतरवूनही घेतला. पण वर्गात यानंतर प्रश्न येणार तो कचऱ्याचा आणि अपघाताचा. त्यावर कोणी अधिकाराने लिहील का? ‘काही धोका नाही’ असे मला त्यांना सांगायचे नाही, कारण मला स्वतःला ते पटत नाही.

भूस्तर

मी भूगर्भशास्त्राचा अभ्यासक आहे आणि खोल खडकातील पाण्याच्या हालचालीवर काम केले आहे, म्हणून कचऱ्यापासून सुरुवात करतो.

अणुवीज सुरू झाल्यापासून जगभरात भट्ट्यांतून बाहेर पडलेले वापरलेले इंधन एकूण चार लाख टनांच्या घरात आहे. कोळशाची राख दरवर्षी कोट्यवधी टन निघते, तिच्यात पारा आणि आर्सेनिक असते, आणि त्यांना अर्धायुष्य (किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ) नसल्यामुळे ती कधीच निरुपद्रवी होत नाहीत. एवढ्यावरून अणुकचरा क्षुल्लक आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. नुकती बाहेर काढलेली इंधनकांडी पाण्याच्या आवरणाविना जवळ असेल, तर माणसाला मृत्यू येण्याइतका किरणोत्सार थोड्या वेळात मिळतो. सीझियम आणि स्ट्रॉन्शियम यांची अर्धायुष्ये तीस वर्षांच्या आसपास आहेत, म्हणजे तीनशे वर्षांत त्यांचा जोर हजारपट घटतो. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य मात्र सुमारे २४ हजार वर्षांचे आहे, आणि तेवढा काळ कोणत्याही राज्यसंस्थेवर, कोणत्याही भाषेतल्या धोक्याच्या पाटीवर भिस्त ठेवता येत नाही. भिस्त खडकावरच ठेवावी लागते.

फिनलंडमध्ये ओन्कालो नावाचे भांडार जमिनीखाली चारशे मीटरहून अधिक खोलीवर, जवळपास दोन अब्ज वर्षे जुन्या खडकात खोदले आहे. वापरलेले इंधन ओतीव लोखंडाच्या साच्यात, तो साचा तांब्याच्या जाड डब्यात, आणि डब्याभोवती बेंटोनाइट माती अशी तिथली रचना आहे. या मातीचा गुण मुलांना हातात देऊन दाखवता येईल. बेंटोनाइटची सुकी पूड काचेच्या नळीत घट्ट दाबून भरा आणि वरून पाणी ओता. माती फुगते, लोण्यासारखी होते आणि काही वेळाने पाणी खाली जायचे जवळजवळ थांबते. पहिल्यांदा मी हे केले तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळीही नळीचा तळ कोरडाच होता. पाणी आले तर त्यानेच फुगून पाण्याची वाट बुजवणारा हा पदार्थ आहे, म्हणून तो निवडला. निसर्गानेही एक प्रयोग आधीच करून ठेवला आहे. आफ्रिकेतील गॅबॉन देशात ओक्लो येथे सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी युरेनियमच्या साठ्यात आपोआप विखंडनाची साखळी सुरू झाली आणि दीर्घकाळ थांबत-थांबत चालली. १९७२ मध्ये तिचा शोध लागला, तेव्हा तिथे तयार झालेले प्लुटोनियम आणि विखंडनातून उरलेली अनेक मूलद्रव्ये जागच्या जागी, थोड्याच अंतरात राहिलेली आढळली. वायुरूप द्रव्ये निसटली होती, हेही सांगायला हवे. तांत्रिक दृष्टीने कचऱ्याचा प्रश्न सुटू शकतो, असे माझे मत आहे. पण बहुतेक देशांनी पन्नास वर्षे वीज घेतली आणि असे भांडार खोदण्याचे पुढे ढकलले, हे चुकीचे झाले.

अपघाताबद्दल विद्यार्थ्यांना एकच संकल्पना नीट समजली तरी पुरे: भट्टी बंद केली तरी ती तापतच राहते. नियंत्रक दांडे आत गेले की विखंडन थांबते, पण आधी तयार झालेल्या किरणोत्सारी अणूंचा ऱ्हास चालूच असतो आणि त्या क्षणी पूर्ण उष्णताशक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता त्यातून निघते. तीन हजार मेगावॉट उष्णता देणाऱ्या भट्टीत ही सुमारे दोनशे मेगावॉट होते. एका दिवसात ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरते, तरी पंधरा मेगावॉट उरतातच, आणि ती वाहून नेणारे पाणी थांबता कामा नये. फुकुशिमात ११ मार्च २०११ रोजी भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप थांबल्या होत्या. पाऊणएक तासाने त्सुनामी आली, तळघरातली डिझेल जनित्रे पाण्याखाली गेली, पंप थांबले आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. तिथे थेट किरणोत्साराने झालेले मृत्यू शोधावे लागतात. पण घाईने झालेल्या स्थलांतरात आणि त्यानंतरच्या हालअपेष्टांत त्या प्रांतात दोन हजारांहून अधिक माणसे, बहुतांशी वृद्ध, दगावली. ती माणसे हिशेबाबाहेर ठेवणारा कोणताही युक्तिवाद मला मान्य नाही. त्याचबरोबर जीवाश्म इंधनांच्या धुराने दरवर्षी लाखो माणसे अकाली मरतात, आणि ती कोणत्याही एका तारखेला मरत नाहीत म्हणून त्यांची आठवण कोणी काढत नाही, हेही तितकेच खरे आहे.

मला स्वतःला आज सर्वांत जास्त काळजी युद्धाची वाटते. युक्रेनमधील झापोरिझिया केंद्र मार्च २०२२ मध्ये रशियन सैन्याने ताब्यात घेतले, आणि जून २०२३ मध्ये काखोव्हका धरण फुटल्यावर ज्या जलाशयातून त्याला थंडाव्याचे पाणी मिळत होते तोच आटला. सहाही भट्ट्या बंद आहेत, तरी वर सांगितलेल्या कारणाने पंपांना वीज लागतेच. भट्टीचा आराखडा करताना भूकंप, पूर, विमान कोसळणे या सगळ्यांचा विचार होतो. पण दोन सैन्यांच्या मधोमध वर्षानुवर्षे अडकण्याला कोणताही आराखडा पुरा पडत नाही.

तिसरी पाळी

भूस्तर यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. ऱ्हासउष्णतेचे इतके सोपे स्पष्टीकरण आमच्या प्रशिक्षणातही कोणी दिले नव्हते.

हिशेबनीस यांच्या आकड्यांशी मी वाद घालणार नाही, पण साउथ ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणाबद्दल एक गोष्ट नोंदवतो. सत्तर टक्क्यांपर्यंतचा रस्ता तुलनेने सोपा आहे आणि तो सर्वांनी आजच धरावा. पुढचे तीस टक्के अवघड आहेत. सलग आठवडाभर ढग आणि पडलेला वारा असेल, तर चार तासांची बॅटरी पहिल्याच संध्याकाळी रिकामी होते. तो आठवडा काढायचा म्हणून वायू ठेवला, तर आपण जीवाश्म इंधन सोडले नाही, फक्त कमी केले. कमी करणे हेही मोठेच काम आहे, पण शून्याकडे जायचे तर त्या आठवड्याचे उत्तर द्यावे लागते, आणि ज्यांच्याकडे मोठी धरणे नाहीत त्यांच्या यादीत अणुऊर्जेचे नाव वर येते.

दुसरी सूचना, बंद होणाऱ्या कोळसाकेंद्रांच्या जागांची. तिथे उच्चदाबाच्या पारेषण वाहिन्या असतात, पाण्याची सोय असते, टर्बाइन आणि पंप सांभाळणारी माणसे असतात. माझ्या जुन्या केंद्रातला एक संच थांबवला त्या दिवशी नियंत्रणकक्षात कोणी फारसे बोलले नाही. धुरांडे थंड झाले आणि चाळिशीतल्या माणसांना आता काय करायचे ते कोणी सांगत नव्हते. अमेरिकेत वायोमिंग राज्यातील केमरर येथे कोळशाला निरोप देणाऱ्या केंद्राजवळच ३४५ मेगावॉटच्या सोडियमने थंड होणाऱ्या भट्टीच्या जागेवर २०२४ मध्ये काम सुरू झाले. तिची उष्णता वितळलेल्या क्षारांच्या टाक्यांत साठवून संध्याकाळी काही तास ५०० मेगावॉटपर्यंत वीज देण्याची योजना आहे. भट्टी स्थिर चालवायची आणि चढउतार टाक्यांवर सोपवायचा, हा विचार भार प्रेषणातल्या माणसाला लगेच पटतो. वेळेत आणि अंदाजात पुरी झाली तर ती सूर्याची स्पर्धक राहणार नाही, जोडीदार होईल.

हिशेबनीस

‘वेळेत आणि अंदाजात पुरी झाली तर’, यातला ‘तर’ माझ्या धंद्यात सर्वांत महाग असतो. लहान, कारखान्यात बनणाऱ्या भट्ट्यांबद्दल अमेरिकेत मोठी आशा होती. त्यांतला सर्वांत पुढे गेलेला युटा राज्यातील नगरपालिकांसाठीचा प्रकल्प नोव्हेंबर २०२३ मध्ये, विजेचा अपेक्षित दर वाढल्यामुळे, रद्द झाला. कारखान्यातील उत्पादनाचा फायदा दहाव्या-विसाव्या नगापासून मिळतो, आणि पहिले दोन-तीन नग घ्यायला कोणी तयार नसते. एखाद्या राज्यसंस्थेने एकाच आराखड्याच्या दहा भट्ट्यांची मागणी एकत्र नोंदवली आणि स्वस्त कर्ज दिले, तर मी माझे मत बदलायला तयार आहे. तोवर हातातला पैसा आधी सौर, पवन, पारेषण आणि साठवण यांत जावा, असेच मी सुचवीन.

आणखी एक गोष्ट सर्वांच्याच बोलण्यातून निसटली. जग अंतिमतः वापरते त्या एकूण ऊर्जेत विजेचा वाटा जेमतेम पाचवा आहे. बाकी तेल वाहनांत जाते आणि इंधने कारखान्यांच्या भट्ट्यांत जळतात. आजच्या बहुतेक अणुभट्ट्या तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपासची वाफ देतात. सिमेंटच्या भट्टीला साडेचौदाशे अंश लागतात. चीनमध्ये शिदाओवान येथे हीलियमने थंड होणारी भट्टी ७५० अंशांपर्यंत पोहोचते आणि डिसेंबर २०२३ पासून व्यापारी तत्त्वावर चालते आहे, तरी हे अंतर मोठेच आहे. घरे उबदार ठेवायला मात्र तीनशे अंश पुरून उरतात. स्वित्झर्लंडमधील बेत्स्नाऊ केंद्र १९८० च्या दशकापासून आसपासच्या गावांना नळांतून उष्णता पुरवत आले आहे, आणि त्यासाठी जाळावे लागणारे तेल वाचले आहे.

वाटसरू

उद्याच्या तासाला विद्यार्थिनीला उत्तर देणार आहे. चालू भट्टी आणि चालू कोळसाकेंद्र यांत आधी कोळसा, यावर तुम्ही सगळे सहमत दिसता, ते तसेच सांगेन. नव्या भट्ट्यांचा निकाल मी देणार नाही. त्यावर मुलांनाच हिशेब करायला लावायचा विचार आहे. तासागणिक मागणी आणि निर्मितीचे आकडे अनेक देश खुले ठेवतात, ते मिळवतो. तिसरी पाळी, मुलांनी नेमके काय काढावे?

तिसरी पाळी

संपूर्ण वर्षाची सरासरी काढायला लावू नका, तिच्यात सगळे बुडून जाते. वर्षातला सर्वांत वाईट आठवडा शोधायला सांगा, म्हणजे मागणी जास्त, ऊन कमी आणि वारा पडलेला असा. त्या आठवड्याच्या १६८ तासांची मागणी आलेखकागदावर काढा, तिच्यातून सूर्य आणि वारा वजा करा, मग जलविद्युत वजा करा. उरलेल्या भागाला पेन्सिलीने राखाडी रंग द्या. आज तो भाग कोळसा आणि वायू भरतात. मग प्रत्येक गटाने तो राखाडी भाग कशाने पुसायचा ते ठरवावे आणि त्याखाली दोन आकडे लिहावेत: ते उभे राहायला किती वर्षे लागतील, आणि तोवर किती कोळसा जळेल. हिशेबनीस यांचा व्याजाचा तक्ता शेजारी ठेवा. आलेख तयार झाले की इथे टाका, मला पाहायचे आहेत.